ज्याला देहच नाही, त्याला प्रेम वाटेल कसं?

उंबरठा (धागाकर्ती)

दर रविवारी सकाळी नागपुरात धरमपेठेत आमची ज्ञानेश्वरी वाचायची बैठक असते. सध्या बारावा अध्याय चालू आहे. 'यो मद्भक्तः स मे प्रियः' या चरणाशी आलो आणि रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी मधेच विचारलं, "ज्याला छातीच नाही, त्याच्या छातीत कालवतं असं कसं म्हणायचं?" कुणी हसलं, कुणी "काका, भाव बघा" म्हणालं, तेवढ्यात चहा आला. विषय तिथेच राहिला, म्हणून इथे टाकतेय.

देव आहे की नाही, हा वाद इथे नको, त्यासाठी दुसरे धागे पडलेत. आहे असं धरून चला, आणि तो निराकार आहे असंही धरा. म्हणजे मेंदू नाही, रक्त नाही, घसा दाटून येत नाही, कुणाची वाट पाहताना नजर घड्याळाकडे जात नाही. मग 'देवाचं माझ्यावर प्रेम आहे' या वाक्यात नेमकं उरतं काय?

माझी अडचण सांगते. प्रेमात दोन गोष्टी असतात. एक, समोरच्याचं भलं व्हावं ही इच्छा आणि त्यासाठी केलेली धडपड. याला देह लागायचं कारण दिसत नाही. दुसरी, त्याच्यावाचून करमत नाही, तो दिसला की बरं वाटतं, त्याला दुखलं की आपल्याला लागतं. ही दुसरी गोष्ट देहाशिवाय मला कल्पनेतही आणता येत नाही. आणि नुसती पहिलीच उरली तर देव चांगल्या जिल्हाधिकाऱ्यासारखा होतो. सगळ्यांचं भलं करतो, पण कुणाची आठवण येऊन त्याची झोप उडत नाही. अशा अधिकाऱ्याचा आपण सत्कार करतो. त्याच्यासाठी कुणी पंढरीला पायी जात नाही.

तर्री_पोहा

वाचतोय. दोनशे प्रतिसाद पक्के.

पदपाठ

याचा निकाल छांदोग्य उपनिषदात लागलेला आहे. प्रजापती इंद्राला सांगतो, 'अशरीरं वाव सन्तं न प्रियाप्रिये स्पृशतः' (८.१२.१). देह आहे तोवर आवड-नावड सुटत नाही, आणि जो अशरीर आहे त्याला दोन्ही शिवत नाहीत. योगसूत्रंही तेच म्हणतात. राग, म्हणजे आसक्ती, हा पाच क्लेशांपैकी एक, आणि ईश्वर तोच ज्याला क्लेश स्पर्श करत नाहीत (१.२४).

गीतेत मात्र गंमत आहे. नवव्यात 'न मे द्वेष्योऽस्ति न प्रियः', मला कुणी नावडता नाही, कुणी आवडता नाही. आणि तुमच्या बाराव्यात 'स मे प्रियः' हे पालुपद पुन्हा पुन्हा येतं. नवव्यावर शंकराचार्य अग्नीचा दाखला देतात. जवळ येतो त्याची थंडी जाते, लांब राहतो त्याची जात नाही, पण म्हणून अग्नीचा कुणी लाडका ठरत नाही. माझं मत विचाराल तर शास्त्रदृष्ट्या उत्तर 'नाही'. भक्तीपुरतं 'हो' म्हणायला हरकत नाही.

सावजी_स्पेशल

पदपाठ भाऊ, शास्त्रात नाही न् भक्तीत हो म्हणता. मंग मंगळवारी टेकडीच्या गणपतीसमोर लायनीत उभे राह्यलेले लोक कोनत्या खात्यात टाकाचे?

पदपाठ

दोन्ही खात्यांत. त्या रांगेत मीही असतो.

वैनगंगा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मणक्याला मार लागलेल्या रुग्णांसोबत रोजचं काम. काकांच्या 'छाती'ला आमच्याकडे अर्धं उत्तर आहे.

१८८४ मध्ये विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांडलं की भावना म्हणजे शरीरात होणाऱ्या बदलांची जाणीव. घाबरलो म्हणून थरथरलो असं आपण म्हणतो; तो म्हणाला, थरथरतो म्हणून भीती वाटते. हे खरं धरलं तर देहाविना प्रेम हा विषयच मिटला. पण १९२७ मध्ये वॉल्टर कॅनन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने त्यावर जोरदार हरकत घेतली. प्राण्यांच्या आतल्या अवयवांचा मेंदूशी असलेला संबंध तोडला तरी राग, भीती दिसतच राहतात, आणि नुसतं अ‍ॅड्रेनलिन टोचून खरी भावना उभी राहत नाही. हा वाद पुढे बराच चालला. दोन्हीकडे थोडं थोडं तथ्य आहे असं आमच्या कामात दिसतं.

आता वॉर्डातलं सांगते. मानेखाली काहीही न जाणवणारा एक तरुण रुग्ण होता. भेटीची वेळ चारची. साडेतीन वाजले की म्हणायचा, "ताई, उशी जरा दाराकडं करा नं." मान स्वतः वळवता यायची नाही. बायको आली की सवयीने त्याच्या हातावर हात ठेवायची. त्याला तो कळायचा नाही. मग तिच्या लक्षात यायचं, आणि ती हात उचलून त्याच्या गालावर ठेवायची. तो कळायचा. याचं प्रेम कमी झालं होतं असं कुणी म्हणालं तर मी भांडेन.

पण म्हणून लगेच 'बघा, देहाशिवाय प्रेम' असं करू नका. गाल होता. डोळे होते. मेंदू होता. छाती लागत नसेल, डोकं लागतं. उंबरठाताईंनी देवाकडून तेही काढून घेतलंय.

इतवारी_किराणा

वैनगंगाताई, प्रतिसाद आवडला. दोनदा वाचला.

प्रश्नचिन्ह

या विषयात सगळ्यात सरळ माणूस म्हणजे डच तत्त्वज्ञ स्पिनोझा. १६७७ मध्ये त्याचं 'एथिक्स' छापून आलं, तेही तो गेल्यावर. त्यात स्वच्छ लिहिलंय की देवाला सुखही होत नाही आणि दुःखही, त्यामुळे काटेकोर बोलायचं तर तो कुणावर प्रेम करत नाही, कुणाचा द्वेषही करत नाही. आणि ज्याचं देवावर प्रेम आहे, त्याने देवाकडून उलट प्रेमाची आस धरू नये.

सावजी_स्पेशल

म्हंजे एकतर्फी. असे लय होते आमच्या कॉलेजात.

सदरकर

ख्रिस्ती घरातला आहे, थोडं आमच्याकडचं. तेराव्या शतकात थॉमस अक्विनस या ख्रिस्ती धर्मशास्त्र्याने जवळजवळ हेच दोन भाग केले होते जे धागाकर्तीने केलेत. विकार म्हणून जे प्रेम असतं ते देहाला धरून, ते देवात नाही. इच्छेचं प्रेम, दुसऱ्याचं भलं इच्छिणारं, ते देवात आहे. अँग्लिकन चर्चच्या १५७१ च्या एकोणचाळीस कलमांत पहिलंच कलम देवाबद्दल, आणि त्यात म्हटलंय की त्याला देह नाही, अवयव नाहीत, विकार नाहीत. लहानपणी हे ऐकलं की मला हुडहुडी भरायची.

पण आम्ही तिथे थांबत नाही. शब्द देही झाला, हा आमचा गाभा. मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरीपाशी 'येशू रडला', एवढंच छोटं वचन आहे. रडायला डोळे लागले. कवी ना. वा. टिळक काही काळ आपल्या नागपुरातच बुटींकडे होते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग लिहिले ते कुणावर? देहधारी ख्रिस्तावर. विकाररहित तत्त्वावर अभंग होत नाही बहुतेक.

उंबरठा

सदरकर, म्हणजे तुमच्याकडेही तीच कात्री. तत्त्व सांभाळावं तर प्रेम थंड होतं, प्रेम सांभाळावं तर देवाला देह द्यावा लागतो.

ताजबाग_रोड

आमच्याकडे देवाच्या नावांत एक अल-वदूद आहे, प्रेम करणारा. आणि कुरआनात एका ठिकाणी (५:५४) आधी येतं 'तो त्यांच्यावर प्रेम करतो', नंतर 'ते त्याच्यावर'. सूफी या क्रमाला फार जपतात. शास्त्री मंडळींपैकी बरेच जण सांगतात की याचा अर्थ 'भलं करायची इच्छा' एवढाच घ्या, जास्त ओढू नका. देवाला मन लावलं की देह लावल्यासारखं होतं अशी त्यांना धास्ती. म्हणजे अक्विनसचीच गोष्ट, फक्त गल्ली वेगळी.

मला वेगळंच दिसतं. सूफी संत ताजुद्दीन बाबांना इंग्रजांच्या काळात पागलखान्यात ठेवलं होतं, तिथून राजे रघुजी भोसल्यांनी सक्करदऱ्याला आपल्या वाड्यावर नेलं. १९२५ मध्ये बाबा गेले. शंभर वर्षं झाली. तरी ताजबागेत चादर चढवायला जाणाऱ्यांत आमच्यापेक्षा हिंदूच जास्त भेटतील कधी कधी. देव तर सगळीकडे आहे, मग आकाशाकडे बघून का भागत नाही? माणसाला कुठेतरी एक देह लागतो, मातीखालचा का होईना. देवाला देह लागतो की नाही ते देव जाणे. आपल्याला लागतो.

तर्री_पोहा

+१. शेवटचं वाक्य खासच.

निळी_पहाट

नियम मोडून लिहितेय, उडवायचा असेल तर उडवा.

देव आहे असं धरून चाला म्हणता, आणि मग त्याला प्रेम चिकटवायला जागा शोधता. जागा सापडत नाही म्हणून देह शोधता. यापेक्षा ज्यांनी तो धरूनच चालायचं सोडलं त्यांचं बघा. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथेच, आपल्या शहरात, लाखो लोकांनी ते सोडलं. बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये लिहिलंय की प्रेम पुरेसं नाही, मैत्री हवी, ती प्रेमाहून मोठी. मित्रापुरती नाही, शत्रूपर्यंत जाणारी, माणसापुरती नाही, सगळ्या प्राणिमात्रांना धरणारी. हे पुस्तक त्यांच्या निर्वाणानंतर, १९५७ मध्ये आलं.

आम्ही दीक्षाभूमीजवळ राहतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बाहेरगावचे लोक येतात तेव्हा आजूबाजूच्या रस्त्यांवर भोजनदानाचे मंडप लागतात. माझी आई पहाटेपासून मसालेभाताच्या गंजाशी उभी असते. ज्याच्या ताटात वाढते तो कोण, कुठला, तिला माहीत नसतं, विचारतही नाही. वर कुणी तिच्यावर प्रेम करतंय म्हणून ती वाढत नाही. आणि वर कुणी नाही म्हणून कुणी उपाशी परतलं नाही.

उंबरठा

प्रतिसाद राहू द्या. नियम मी केलाय, तो मोडायची मुभाही मीच देते. फक्त एक विचारते. आई वाढते ती हातांनी. मैत्रीलाही देह लागलाच नं?

निळी_पहाट

लागला की. आम्ही कुठे नाही म्हटलं? बिनदेहाच्या मैत्रीचा दावा आमचा नाहीच. तो तुमच्या बाजूचा आहे.

सावजी_स्पेशल

😄 हे बरोबर बोलली पोरगी.

अजनी_यार्ड

नमस्कार मंडळी. तो प्रश्न विचारणारा काका मीच. नातवाने खातं काढून दिलं. उंबरठाताई, चहा आला म्हणून गप्प बसलो होतो, उत्तर मिळालं म्हणून नाही.

घरी जाऊन पुढच्या ओव्या एकट्याने वाचल्या. त्याच अध्यायाच्या शेवटाकडे माउली देवाच्या तोंडून बोलतात:

तो पहावा हे डोहळे । म्हणौनि अचक्षूसी मज डोळे ।

भक्ताला बघायचे डोहाळे लागले, म्हणून मला, डोळे नसलेल्याला, डोळे आले. पुढे म्हणतात की त्याला आलिंगन द्यायचं म्हणून दोनावर आणखी दोन हात घेऊन आलो. आणि मग:

तया संगाचेनि सुरवाडें । मज विदेहा देह धरणें घडे ।

त्याच्या संगतीच्या सुखासाठी मला विदेहाला देह धरावा लागतो.

मी ही ओवी वाचून अर्धा तास गॅलरीत बसलो. आपण सगळे इथे क्रम असा लावून राहिलो की आधी देह, मग त्यात प्रेम. पदपाठ साहेबांचं उपनिषद तोच क्रम धरतं, डॉक्टर ताईंचा कॅनन तोच धरतो. माउली उलटं लावतात. आधी ओढ, मग तिच्यासाठी डोळे. हे शास्त्रात बसतं का, मला माहीत नाही. मी गार्ड होतो, शास्त्री नव्हे.

पदपाठ

बसतं, एका शास्त्रात तरी. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कशास्त्री, देह नसलेल्या ईश्वराला ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न, तिन्ही देतात. वेदवाक्यांचा अर्थ लावणारे मीमांसक चिडवायचे की हात नसलेला कुंभार मडकं कसं घडवणार. दहाव्या शतकात उदयन या नैयायिकाने त्यावर उत्तर दिलं. पण लक्षात घ्या, नैयायिकांनी ईश्वराला इच्छा दिली, द्वेष दिला नाही, दुःख दिलं नाही. 'करमत नाही' हे त्यांच्या यादीत नाही.

रामानुजांकडे तर प्रश्नच वेगळा होतो. सगळी सृष्टी आणि सगळे जीव हेच ईश्वराचं शरीर. मग तो बिनदेहाचा कधी होताच कुठे?

वैनगंगा

(काका, डॉक्टर नाही हो मी. राहू द्या.)

ओवी सुंदरच. पण मला ती माझ्या बाजूची साक्ष वाटते. बघायचं तर डोळे लागले, मिठी मारायची तर हात लागले, तेही दोन पुरले नाहीत. देहाशिवाय भागत असतं तर एवढा खटाटोप कशाला? आणि डोहाळे तरी कुणाला लागतात? गर्भारशीला. म्हणजे ज्याला देह नाही त्याची ओढ सांगायची तर ज्ञानेश्वरांनासुद्धा बाईच्या पोटापाशी यावं लागलं.

अजनी_यार्ड

मान्य. पण मला एवढं सांगा, डोळे यायच्या आधी बघावंसं कुणाला वाटलं?

वैनगंगा

तेच तर मला कळत नाही. वाटलं ते कुठे?

रिद्धपूर

दंडवत प्रणाम.

अमरावती जिल्ह्यातला, सध्या नोकरीसाठी नागपुरात. आमच्या महानुभाव पंथात परमेश्वर निराकारच, पण जीवांच्या कणवेने तो अवतार घेतो आणि माणसांत येऊन राहतो. त्यामुळे महानुभावांना सगळ्यात मोलाचं काय, तर सन्निधान. त्याच्याजवळ असणं. तत्त्वज्ञान आहेच, पण पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणींचं लीळाचरित्र उघडलं तर त्यात जेवण आहे, चालणं आहे, थट्टा आहे, रुसवे आहेत.

चक्रधरांचे गुरू, रिद्धपूरचे गोविंदप्रभू, यांच्या लीळा तर वेड्यासारख्याच वाटतात नवख्याला. पोरांत खेळणं, कुणाच्याही घरात शिरून खाणं. गाव त्यांना काय म्हणायचं? 'राऊळ मायो, राऊळ बापो.' आमची माय राऊळ, आमचा बाप राऊळ. हे कुणी निराकाराला म्हटलेलं नाही. दारात उभ्या असलेल्या, खायला मागणाऱ्या माणसाला म्हटलंय. वरच्या ओवीत जे आहे ते आमच्या गावात रस्त्यावर चाललं होतं, एवढंच मला म्हणायचंय.

सावजी_स्पेशल

एक शंका. देह धरला तं दुखनंबी आलं का सोबत? का फक्त मिठ्या माराले घेतला?

सदरकर

आमच्याकडे याचं उत्तर सरळ आहे. आलं. क्रूस कशासाठी मग?

उंबरठा

या चर्चेत आपल्या विदर्भाचाच एक माणूस हवा होता, म्हणून आणते. गुलाबराव महाराज, माधानचे. १८८१ चा जन्म, तान्हेपणीच दृष्टी गेली, १९१५ मध्ये वारले, म्हणजे उणंपुरं पस्तिशीतलं आयुष्य. स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवायचे आणि कृष्णाची पत्नी म्हणून मंगळसूत्र, कुंकू धारण करायचे. आणि तत्त्वज्ञान कोणतं, तर अद्वैत! त्याला ते मधुराद्वैत म्हणत. दोन उरलेच नाहीत तरी प्रेम उरतं, असं त्यांचं म्हणणं. शाळेत आम्हाला त्यांची 'प्रज्ञाचक्षू' ही पदवी पाठ करायला लावली, मंगळसूत्राचं कुणी सांगितलं नाही.

काकांनी 'अचक्षूसी मज डोळे' लिहिलं तेव्हा मला तेच आठवले. ज्यांनी जग कधी पाहिलं नाही त्यांनी आपलं प्रेम गळ्यात आणि कपाळावर घातलं. अद्वैत कळल्यावर याची गरज काय होती? मला वाटतं पदपाठ म्हणतात ती शास्त्र आणि भक्तीची दोन खाती त्यांना मान्य नसावीत.

आता मी माझं सांगून टाकते. निराकार देवाला भलं इच्छिता येतं, हे मला पटतं. निराकार असूनच तो झुरतो, हे पटत नाही. पण झुरण्यासाठी तो आकार घेईल, हे पटतं, आणि तसा देव असेल तर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा तो कितीतरी जवळचा.

प्रश्नचिन्ह

'असेल तर' वर किती वजन टाकलंय बघा. आणि आकार घेऊन तो भेटला कुणाला? द्वारकेत काहींना, रिद्धपुरात काहींना, येशूच्या गालीलात काहींना. बाकीच्यांनी काय करायचं?

रिद्धपूर

आमच्याकडे याला असन्निधान म्हणतात. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य आणि बाकी मंडळींनी काय केलं, तर त्यांच्या एकेक लीळा आठवून, एकमेकांना विचारून लिहून ठेवल्या. लीळाचरित्र, मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ, असा झाला. भेट झाली नाही म्हणून काही करता येत नाही, असं नाही.

इतवारी_किराणा

हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

अजनी_यार्ड

वैनगंगाताई, तुमच्या त्या पेशंटची गोष्ट दोन दिवस डोक्यातून जात नाही. हातावर हात ठेवला, कळला नाही. मग तिने जिथे कळेल ती जागा शोधली, गाल. मी म्हणतो देवानेही तेच केलं. निराकारात आपल्याला कळेना, म्हणून जिथे आपल्याला कळेल तिथे आला. प्रेम त्याच्याकडे आधीच होतं, देह आपल्यासाठी.

वैनगंगा

नाही पटलं, काका. गाल शोधायला तिच्याकडे आधी स्वतःचा हात होता.